हिमोफिलिया : फॅक्टर नसेल तर एफएफपी लावून घ्यायचं का? आणि ठरवायचं कुणी?

डिचोलीची_आई
नमस्कार मंडळी. लांबण लागणार आहे, पण वाचून सांगा.

माझ्या मुलाला हिमोफिलिया ए आहे, म्हणजे रक्त गोठवणारं फॅक्टर ८ हे प्रोटीन कमी असल्याने रक्त लवकर थांबत नाही. सिव्हिअर, म्हणजे फॅक्टर ८ एक टक्क्याच्याही खाली. वय ७, वजन २२ किलो. एरवी आमचं सगळं बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात), तिथे डॉक्टर ओळखतात, फाईल आहे, प्रश्न येत नाही. यंदा चवथीच्या आदल्या संध्याकाळी माटोळी (गणपतीवरची फळापानांची चौकट) बांधायला सगळे जमलेले आणि हा कुणाचं लक्ष नाही बघून स्टुलावर चढला आणि पडला. गुडघा बघता बघता टम्म फुगला. डोकं आपटलं का ते कुणीच बघितलं नाही, तो म्हणतो नाही, पण इंजेक्शनच्या भीतीने पोर काय पण सांगेल. घरातला फॅक्टर (तो इंजेक्शनने द्यावा लागतो) संपलेला, म्हणून आधी जवळच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. नाव विचारू नका, लिहिणार नाही. त्यांच्याकडे फॅक्टर नव्हता. ड्युटीवरचा डॉक्टर म्हणाला एफएफपी (दात्याच्या रक्तातला गोठवलेला प्लाझ्मा) मागवतो, इथे सही करा. मी विचारलं टेस्ट काय काय केलेल्या असतात, फॅक्टरइतकं सेफ असतं का, तर म्हणे मॅडम गुगल वाचून येऊ नका, वेळ घालवताय. मी सही केली नाही. आमोणे पूल, माशेल, बाणस्तार करत पावसातून गाडी काढली आणि बांबोळीला जाऊन फॅक्टर घेतला. सीटी पण केला, क्लिअर आला. पोरगं मजेत आहे.

पण घरात तेव्हापासून दोन पार्ट्या. नवरा आणि मामंजी म्हणतात डॉक्टर सांगतो ते घ्यायचं असतं, वाटेत काही झालं असतं तर? माझं म्हणणं, माझ्या भावाला पण हाच आजार, नव्वदच्या दशकात त्याला असंच रक्त लावत गेले आणि पुढे हिपॅटायटिस सी निघाला. असं काही होऊ शकतं हे आमच्या आईला कुणी एका शब्दाने सांगितलं नव्हतं. आणि ब्रिटनमध्ये सत्तर-ऐंशीच्या दशकात हिमोफिलियावाल्यांना दूषित रक्ताची औषधं दिली, ते तर डॉक्टरांनी ठाऊक असून केलं ना? मग मी एक प्रश्न विचारला तर एवढा राग कशाला. पुढच्या वेळी काय करायचं ते जाणकारांनी सांगा.

फोंड्याचा_बाबू
ताई तुमचं शंभर टक्के बरोबर. डॉक्टर म्हणजे आजकाल कमिशन एजंट, रक्ताचा पण धंदा करून ठेवलाय. आणि चवथीला घरात दूर्वा असतातच की, दूर्वांचा रस पाजायचा, रक्त थांबतं. नाकातून रक्त आलं की आमची आजी हेच करायची.

चाळीशीपार
बाबू, दूर्वा गणपतीला वाहा, हिमोफिलियावाल्या पोराला पाजून वाट बघत बसू नका. मी स्वतः सिव्हिअर ए आहे, पन्नाशीला आलो. आमच्या रक्तात गुठळी पक्की करणारं प्रोटीनच नसतं, ते बाहेरून द्यावं लागतं, दुसरा इलाज नाही. माझ्या लहानपणी असले सगळे रस, लेप, मंत्रवलेलं पाणी झालंय आणि त्याचा पुरावा म्हणजे माझे दोन्ही गुडघे, एकही सरळ होत नाही.

ताई, तुमच्या भावाची आणि माझी गोष्ट एकच. आमच्या वेळी फॅक्टर हा शब्द फक्त ऐकायचा, परवडायचा कुणाला. मिळायचं ते साधं रक्त नाहीतर एफएफपी, कधी नशीब असलं तर क्रायो (प्लाझ्मातून काढलेला फॅक्टर ८ चा साका). आणि ते रक्त यायचं कुठून? पैसे घेऊन रक्त देणारे लोक हॉस्पिटलाबाहेर उभे असायचे, वडील हातापाया पडून त्यांना आणायचे. ते बंद झालं सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर, १ जानेवारी १९९८ पासून. हिपॅटायटिस सी ची टेस्ट रक्तपेढ्यांना सक्तीची झाली २००१ मध्ये. तोवर मला जे लागायचं ते लागून गेलं होतं. आता बरा आहे, सोफोसबुव्हिरच्या गोळ्या १२ आठवडे घेतल्या, व्हायरस गेला. सरकारच्या हिपॅटायटिसच्या प्रोग्राममध्ये २०१८ पासून त्या फुकट मिळतात, भावाने घेतल्या नसतील तर उद्याच पाठवा.

पण एक लिहितो, राग मानू नका. ज्या रक्ताने मला लिव्हरचा आजार दिला त्याच रक्ताने मी आज हे टाइप करतोय. आमच्यातले ज्यांना काहीच मिळालं नाही ते गेले, बहुतेक डोक्यात रक्तस्राव होऊन. त्यामुळे डॉक्टरने रक्त दिलं म्हणून डॉक्टर व्हिलन असं मला कधी म्हणता आलं नाही.

जुना_लॅबवाला
रिटायर माणूस, आयुष्य रक्तपेढीत गेलं. धाग्यावर दोन गोष्टींची सरमिसळ होतेय ती जरा सोडवतो.

आधी हिशोब. फॅक्टर ८ किलोमागे १ युनिट दिला की लेव्हल साधारण २ टक्के वाढते. पोर २२ किलोचं. गुडघ्यासाठी ४० टक्क्यांवर न्यायचं तर किलोमागे २० युनिट, म्हणजे ४४०. फॅक्टरची ५०० ची एक बाटली, पाच मिनिटांत शिरेतून दिली, काम झालं. तेच क्रायोने करायचं तर एका पिशवीत ८० ते १०० युनिट धरा, म्हणजे पाच सहा पिशव्या, पाच सहा वेगवेगळे दाते. एफएफपीने करायचं तर एका मिलीत जेमतेम १ युनिट, म्हणजे अर्धा लिटर पाणी एवढ्याशा पोराच्या अंगात. एवढं सोसत नाही, किलोमागे १५ ते २० मिलीच्या वर जाता येत नाही. आणि डोक्याला मार असेल तर लेव्हल ८० ते १०० टक्के लागते, तिथे एफएफपी कितीही चढवा, पोचतच नाही. वर ते गोठलेलं, ३७ डिग्रीला वितळवायला अर्धा तास जातो तो वेगळा.

आता सेफ कोणतं. इथेच लोकांचं डोकं फिरतं कारण उत्तर मध्येच उलटं झालंय. १९८३ मध्ये विचारलं असतं तर मी म्हटलं असतं क्रायो घ्या, फॅक्टर घेऊ नका. कारण तेव्हाचा फॅक्टर म्हणजे हजारो लोकांचा प्लाझ्मा एका टाकीत ओतून काढलेली पावडर. टाकीत एकाचा जरी व्हायरस पडला तरी सगळी बॅच गेली. अमेरिकेत तो प्लाझ्मा विकत घ्यायचे, तुरुंगातल्या कैद्यांकडून सुद्धा. क्रायो म्हणजे एक पिशवी एक माणूस. जूडिथ पूल नावाच्या बाईंनी साठच्या दशकात शोधून काढलं, प्लाझ्मा गोठवून हळू वितळवला की तळाला जो पांढरा साका राहतो त्यात फॅक्टर ८ असतो, साध्या रक्तपेढीत बनतं. आज विचाराल तर मी उलटं सांगेन. आजची पावडर उष्णता देऊन किंवा सॉल्व्हंट डिटर्जंटने धुवून येते, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी त्यात टिकत नाहीत. रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत बनवलेला) असेल तर त्यात दात्याचं रक्तच नसतं. क्रायो आणि एफएफपीवर मात्र आपल्याकडे तशी प्रक्रिया होत नाही, भरवसा फक्त टेस्टवर. त्या टेस्टला विंडो पीरियड असतो, दात्याला लागण झालीय पण टेस्टमध्ये दिसत नाही असे काही दिवस. नॅट टेस्टने (ही थेट व्हायरसचा जनुकीय अंश शोधते) तो कमी होतो पण सगळ्या रक्तपेढ्यांत नॅट नाही, कायद्याने सक्ती पण नाही.

म्हणजे ताईंनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य होता, त्याला उत्तर होतं, आणि ते द्यायला दोन मिनिटं लागली असती.

म्हापशेंकार
+१. लॅबवाले काका, हे कुठल्या डॉक्टरने आम्हाला इतकं सोपं करून सांगितलं नाही. माझ्या भाच्याला हिमोफिलिया बी आहे, त्याला पण हेच लागू?

जुना_लॅबवाला
नाही, बरं झालं विचारलंत. बी वाल्याला फॅक्टर ९ लागतो आणि क्रायोमध्ये तो नसतोच. फॅक्टर ९ नसेल तर त्याला एफएफपी. कॅज्युअल्टीत गडबडीत बी वाल्याला क्रायो लावलेलं मी बघितलंय, म्हणून आपला टाइप ए की बी हे घरातल्या प्रत्येकाला पाठ पाहिजे, अगदी शेजाऱ्याला सुद्धा.

स्विंडनवाली
मूळची सावर्डेची, आता स्विंडन. इथे गोंयकार इतके आहेत की बस स्टॉपवर कोंकणी ऐकू येते, असो, अवांतर झालं. मी इथे केअर होममध्ये काम करते आणि २० मे २०२४ ला सर ब्रायन लँगस्टाफ यांचा इन्फेक्टेड ब्लड इन्क्वायरीचा (दूषित रक्ताच्या सरकारी चौकशीचा) रिपोर्ट आला तेव्हा दिवसभर टीव्ही लावून बसले होते. आमच्याकडच्या एका आजींचा मुलगा त्यात गेलाय.

आकडे ऐकून अंगावर काटा येतो. दूषित रक्त आणि रक्तापासून केलेली औषधं मिळून ३०,००० पेक्षा जास्त लोकांना एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस लागला, साधारण ३,००० मेले. हिमोफिलियासारखे आजार असलेल्या साधारण १,२५० जणांना एचआयव्ही, त्यातली ३८० च्या आसपास लहान मुलं. हॅम्पशरमध्ये ट्रेलोर म्हणून अपंग मुलांची निवासी शाळा, कॅम्पसवरच एनएचएसचं (सरकारी आरोग्यसेवेचं) हिमोफिलिया सेंटर. १९७० ते १९८७ मध्ये हिमोफिलियाची १२२ मुलं तिथे शिकली, रिपोर्ट आला तेव्हा त्यातले ३० च्या आसपास जिवंत. आईबापांना न विचारता मुलांवर संशोधन चाललेलं, हे रिपोर्टात स्पष्ट आहे.

आणि ठाऊक नव्हतं म्हणावं तर तसं नाही. जुलै १९८२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी साथरोग संस्थेने तीन हिमोफिलियावाल्यांना एड्ससारखा आजार झाल्याची बातमी छापली होती. मे १९८३ मध्ये इथल्या साथरोग केंद्राचे डायरेक्टर स्पेन्स गॅलब्रेथ यांनी आरोग्य खात्याला कळवलं की अमेरिकन रक्तापासून केलेली औषधं मागे घ्या. जुलैमध्ये तज्ज्ञांची समिती बसली आणि ठरलं की आयात चालू ठेवायची. लँगस्टाफनी साफ लिहिलंय, हा अपघात नव्हता.

त्यामुळे डॉक्टर बिचारे काय करणार असं कुणी म्हणू नका प्लीज.

सरकारी_डॉक्टर
मी म्हणणार आहे, थोडंसं. फेकायला काही शोधून ठेवा.

मी फिजिशियन, सरकारी नोकरीत, जास्त ओळख देत नाही. १९८३ मध्ये हिमोफिलियाच्या डॉक्टरसमोर काय होतं बघा. दहा वर्षांपूर्वी त्याच्या वॉर्डात पोरं सांधे सुजून महिना महिना पडून असायची, तरुणपणी मरायची. मग ही पावडर आली, घरच्या फ्रिजमध्ये राहते, आई स्वतः इंजेक्शन देते, पोर शाळेत जातं. आणि एके दिवशी कुणीतरी सांगतं की यात नवीन आजार असू शकतो, व्हायरस सापडलेला नाही, टेस्ट नाही, इंग्लंडात बाधित पेशंट एखाद दुसरा. पावडर बंद केली आणि पोर डोक्यात रक्तस्राव होऊन गेलं तर ते तुमच्या समोर जाणार, आजच. एड्सने जाईल ते पुढे कधीतरी, कदाचित. माणूस समोरच्या मरणाला घाबरतो. मी त्यांना निर्दोष म्हणत नाहीये, ते असे का वागले ते सांगतोय.

स्विंडनवाली
डॉक्टर, पण मधले रस्ते होते ना. जून १९८३ मध्ये इथल्या हिमोफिलिया डॉक्टरांच्या संघटनेने स्वतःच लिहून पाठवलं होतं की माइल्ड पेशंटना डेस्मोप्रेसिन (रक्तापासून न बनणारं औषध) द्या. म्हणजे धोका कळत होता. लहान मुलांना क्रायोवर परत नेता आलं असतं, साध्या गुडघ्याला बर्फ आणि आराम देऊन थांबता आलं असतं, प्लॅन्ड ऑपरेशनं पुढे ढकलता आली असती. फिनलंड, बेल्जियम आपल्याच देशाच्या रक्तावर राहिले, त्यांच्याकडे हिमोफिलियावाल्यांत एचआयव्ही फार कमी झाला. आणि १९८२ मध्ये दोन मोठ्या डॉक्टरांचं पत्र आहे, नवीन औषधातून हिपॅटायटिस होतो का ते बघायला पूर्वी कधी औषध न मिळालेले पेशंट बरे, चिंपांझी कमी पडतात अशा अर्थाचं. याला पण समोरच्या मरणाची भीती म्हणायची?

सरकारी_डॉक्टर
नाही. त्याला म्हणता येणार नाही. आणि त्याच्याही पुढचं जे झालं त्याला तर मुळीच नाही, १९८४-८५ मध्ये टेस्ट आली, पेशंटला न सांगता साठवलेल्या रक्तावर टेस्ट केली, पॉझिटिव्ह निघालं आणि काही जणांना महिनोन् महिने, काहींना वर्षं सांगितलंच नाही. तेवढ्या काळात त्यांच्या बायकांना लागण झाली. इथे औषधाचा प्रश्नच नव्हता, फक्त तोंड उघडायचं होतं.

मी दोन वेगळे ढीग करतो. अर्धवट माहितीवर घेतलेला निर्णय चुकला, तो एक ढीग, त्यात मी पण उद्या असू शकतो. माहिती होती आणि पेशंटला दिली नाही, तो दुसरा. रिपोर्ट वाचला तर दुसरा ढीग फार मोठा आहे.

फोंड्याचा_बाबू
आणि कंपन्या? त्यांचा ढीग कुठे?

स्विंडनवाली
बाबू, तो पण आहे. २००३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने कागदपत्रांसकट छापलं, बायरची कटर कंपनी १९८४ मध्ये अमेरिकेत उष्णता दिलेला सेफ फॅक्टर विकायला लागली आणि जुना माल आशिया, लॅटिन अमेरिकेत खपवत राहिली. फ्रान्समध्ये १९८५ मध्ये दूषित माल वापरत राहिले म्हणून रक्तसेवेचे प्रमुख मिशेल गारेटा जेलमध्ये गेले. जपानात मिनिस्ट्रीच्या अधिकाऱ्याला शिक्षा झाली. ब्रिटनमध्ये जेलमध्ये कुणी नाही, तेव्हाचे पंतप्रधान सुनक यांनी संसदेत माफी मागितली आणि भरपाई चालू आहे.

चाळीशीपार
आशियात खपवला म्हणजे हाँगकाँग, तैवान, मलेशिया, सिंगापूर. आमच्यासारख्यांच्या वाट्याला तो तेव्हा आला नाही कारण खिशात पैसे नव्हते. हे लिहिताना हसावं की काय कळत नाही. जगाच्या हिमोफिलिया फेडरेशनचा संस्थापक फ्रँक श्नाबेल, ज्याच्या वाढदिवशी १७ एप्रिलला आपण हिमोफिलिया दिन करतो, तो स्वतः १९८७ मध्ये दूषित फॅक्टरमधून झालेल्या एड्सने गेला. माझे वडील त्याच वर्षी माझ्यासाठी फॅक्टर मिळावा म्हणून दागिने विकायच्या गोष्टी करत होते.

कायदेवाली
पणजीत प्रॅक्टिस करते. इंग्लंडपर्यंत जायची गरज नाही, आपल्याच म्हापशाची गोष्ट बघा. डॉमनिक डिसोझा. पर्ऱ्याचा मुलगा, नेमाने रक्तदान करायचा. त्याने दिलेल्या रक्ताची टेस्ट पॉझिटिव्ह आली. त्याला कुणी बसवून सांगितलं का? फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलीस आले आणि घेऊन गेले, म्हापशाच्या जुन्या टीबी सॅनिटोरियममध्ये कोंडला. ६४ दिवस. गोव्याच्या पब्लिक हेल्थ कायद्यात १९८७ ला दुरुस्ती करून ठेवलेली की एचआयव्हीवाल्याला वेगळा ठेवायचाच. त्याच्या आईने, लुसी डिसोझा यांनी, हायकोर्टात केस घातली. केसने गाजावाजा झाला, सरकारने कायद्यात वेगळं ठेवणं सक्तीचं न ठेवता अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडलं, पण कोर्टाने वेगळं ठेवायचा अधिकार उचलूनच धरला. डॉमनिकने पॉझिटिव्ह पीपल ही संस्था काढली आणि १९९२ मध्ये तो गेला.

हे इथे का आणलं तर माहिती पेशंटची असते हे त्या वेळी इथेही कुणाच्या डोक्यात नव्हतं. तिकडे पेशंटपासून लपवली, इकडे पेशंटच्या आधी पोलिसांना कळली. आज कायदा बदललाय. २०१७ चा एचआयव्ही एड्स कायदा, २०१८ पासून लागू, टेस्टला संमती पाहिजे आणि निकाल गुप्त. रक्त चढवायला लेखी संमती लागते आणि संमती म्हणजे नुसती सही नव्हे. काय देताय, का देताय, धोका काय, दुसरं काय उपलब्ध आहे, नाही घेतलं तर काय होईल, हे समजावल्यावर जी होते ती संमती. ताईंच्या डॉक्टरने फॉर्म पुढे केला, समजावलं नाही. तक्रार करायची तर करता येईल.

डिचोलीची_आई
तक्रार करायची नाही मला. त्याच तालुक्यात राहायचंय, पुन्हा रात्री बारा वाजता त्याच दारात जायची पाळी येईल. मला उत्तर पाहिजे, ते अजून कुणी दिलं नाही. डॉक्टर, तुम्ही असता तर काय केलं असतं?

सरकारी_डॉक्टर
सरळ सांगतो, तुम्हाला आवडणार नाही.

गुडघाच असता, पोर शुद्धीत, बोलतंय, डोकं आपटलं नाही हे कुणी बघितलेलं, तर मी एफएफपीला हात लावला नसता. बर्फ, क्रेप बँडेज, पाय वर, दुखण्याला पॅरासिटामॉल आणि तासाभरात बांबोळी गाठा. गुडघा एका तासाने मरत नाही. या केसमध्ये तुमचा नकार डॉक्टरी दृष्टीने पण बरोबर.

पण डोक्याचं माहीत नव्हतं. हिमोफिलियात नियम असा की डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय असला तरी आधी फॅक्टर, मग सीटी. उलटी नाही, गुंगी नाही म्हणून थांबायचं नाही, कारण ही लक्षणं दिसतात तोवर उशीर होतो. मग मी काय केलं असतं? पहिला फोन बांबोळीला, पेशंट निघालाय, फॅक्टर तयार ठेवा. दुसरं १०८. आणि क्रायो जवळ तयार असेल तरच तो चालू करून पाठवला असता. वाट बघत बसून एफएफपी मागवला नसता, लॅबवाले काकांनी हिशोब दिलाच आहे, पोचत नाही. पण समजा रस्ता बंद असता, पूर आला असता, बांबोळी चार तासांवर असती, तर एफएफपी का असेना, मी दिला असता आणि तुमच्यापुढे हात जोडून सही मागितली असती. कारण तपासलेल्या पिशवीतून एचआयव्ही लागण्याचा धोका आज फार म्हणजे फारच लहान आहे आणि डोक्यात रक्तस्राव झाला तर पोर जातं. १९८३ वाल्यांना दोन्ही धोके किती ते मोजता येत नव्हते, आपल्याला येतात. मग मोजून पेशंटसमोर ठेवायला काय हरकत आहे.

तुमच्या डॉक्टरला त्या रात्री बहुतेक भीती वाटली असेल. तालुक्याच्या हॉस्पिटलात हिमोफिलिया वर्षात एखादा येतो, माणूस पुस्तकातलं जुनं वाक्य आठवतो, फॅक्टर नाही तर एफएफपी. गुगल वाचून येऊ नका हे वाक्य मात्र माफ नाही.

म्हापशेंकार
डॉक्टर, धोका लहान म्हणता, पण जुनागढला २०११ मध्ये थॅलेसेमियाच्या २३ मुलांना रक्तातून एचआयव्ही लागल्याच्या बातम्या आल्या होत्या. टेस्टचा कायदा तेव्हा पण होताच की.

जुना_लॅबवाला
होता, १९८९ पासून. कायदा किटचं टेंपरेचर बघत नाही, टेक्निशियन बघतो. थॅलेसेमियाच्या मुलाला महिन्याला दोनदा रक्त लागतं, आयुष्यभर, त्यामुळे धोका लहान असला तरी बेरीज होत जाते. म्हणूनच मी म्हणतो क्रायो एफएफपी अडीअडचणीला ठीक, सवय नको. आणि लस घ्या सगळ्यांनी, हिपॅटायटिस बी ची आणि ए ची सुद्धा, हिमोफिलियावाल्याला ती कातडीखाली देतात, मसलमध्ये नाही. वर्षातून एकदा एचआयव्ही, बी, सी तपासून रिपोर्ट फाईलला लावा.

फोंड्याचा_बाबू
ठीक आहे, दूर्वा मागे घेतो. पण ते नवीन इंजेक्शन आलंय म्हणतात ना, महिन्यातून एकदा, रक्ताचं नाहीच. ते घेतलं की सगळा प्रश्न मिटला, मग एवढी चर्चा कशाला.

सरकारी_डॉक्टर
एमिसिझुमॅब. हो, मोठी गोष्ट आहे, प्लाझ्मापासून बनत नाही, कातडीखाली देतात, आठवड्याला, पंधरवड्याला किंवा चार आठवड्यांनी. इनहिबिटर (फॅक्टरला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी) असलेल्यांना पण चालतं. पण फक्त ए ला, बी ला नाही. आणि ते रोजचं संरक्षण आहे, पडल्यावर लागणारा उपचार नव्हे, डोक्याला मार बसला तर फॅक्टर लागतोच. शिवाय ते घेणाऱ्याची एपीटीटी टेस्ट (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची) नॉर्मल दिसते, अनोळखी डॉक्टर फसतो, म्हणून चालू असेल तर आधी सांगायचं. किंमत मी इथे लिहीत नाही, रात्री झोप लागायची नाही.

पुढचं म्हणाल तर वेल्लोरच्या सीएमसी हॉस्पिटलने डिसेंबर २०२४ मध्ये पाच सिव्हिअर ए पेशंटवर केलेल्या जीन थेरपीचे निकाल छापले, पाचही जणांना नंतर फॅक्टर लागला नाही. पाचच आहेत, मोठी माणसं आहेत, केमोथेरपी देऊन करतात, लहान मुलांसाठी आज नाही.

कायदेवाली
एक राहिलं. हिमोफिलिया २०१६ च्या दिव्यांग कायद्यात आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) निघतं. काढलं नसेल तर काढून ठेवा, शाळेत पण उपयोग होतो.

डिचोलीची_आई
सगळ्यांना देव बरें करूं. नवऱ्याला धागा वाचायला दिला, तो म्हणतो डॉक्टरांनी त्याची बाजू घेतली, मला वाटतं माझी घेतली. तर असो. भावाला गोळ्यांचं सांगितलं, तो अजून चालढकल करतोय, त्याला पण ही लिंक टाकलीय.

आता एक काम करतेय, एक कार्ड बनवून लॅमिनेट करते, एक त्याच्या दप्तरात, एक गाडीत, एक शाळेत. मजकूर असा चालेल का : हिमोफिलिया ए, सिव्हिअर. इनहिबिटर नाही. वजन (पेन्सिलने, बदलत राहतं). डोक्याला मार असेल तर आधी फॅक्टर ८, किलोमागे ५० युनिट, मग सीटी. मसलमध्ये इंजेक्शन नको. अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन नको. फॅक्टर नसेल तर बांबोळीला फोन. क्रायो द्यायची पाळी आली तर पिशवीचे नंबर आमच्या फाईलला लिहून द्या. आमचा फोन नंबर.

जुना_लॅबवाला
पिशवीच्या नंबरचं कुणी सुचवलं? झकास. दाता पुढे पॉझिटिव्ह निघाला तर त्या नंबरवरूनच तुमच्यापर्यंत पोचता येतं. ब्लड ग्रुप पण टाका.

सरकारी_डॉक्टर
डोस बरोबर. इनहिबिटर नाही याच्यापुढे टेस्टची तारीख लिहा, ते पण बदलू शकतं.

चाळीशीपार
आणि ताई, मराठीत नको, इंग्रजीत छापा, मोठ्या अक्षरात. रात्रीच्या ड्युटीला केरळची नर्स असते आणि डॉक्टर नुकता पास झालेला, तो पण बाहेरचा. मसलमध्ये नको ही ओळ लाल रंगात.